अक्कांची गाठ गेली कुठं

माझं लग्न ठरलं तेव्हा काकांनी आईला एवढंच सांगितलं, "पहिली बायको हाय अजून. पण ती काय दिवाळी बघत न्हाय."

आई चुलीपुढं बसली होती. तिनं विचारलं, "काय झालंय तिला?"

"गळ्याला गाठ झालीय. बार्शीच्या डॉक्टरानं तुकडा कापून मुंबईला धाडला हुता. क्यान्सर निघाला."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा, माझ्याच लग्नाच्या बोलण्यात.

माझे वडील लोहाऱ्याच्या शाळेत मास्तर होते. घरात आम्ही कानडी बोलायचो, पण वडिलांमुळं मला मराठी लिहिता-वाचता येत होतं आणि थोडं उर्दूही. ते वारल्यावर आई आणि मी काकांच्या आधारानं राहत होतो, आणि काकांच्या स्वतःच्या मुलीही लग्नाला आलेल्या. त्यामुळं आईला फार ताणून धरता येण्यासारखं नव्हतं. ती फक्त म्हणाली, "जित्या बाईच्या घरात पोरगी कशी धाडायची?"

"त्या बाईनंच सांगितलंय म्हणं, दुसरी आणा म्हणून," काका म्हणाले.

आईला ते खरं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

लढाई चालू होती, निजामाचं राज्य होतं, रॉकेलपासून कापडापर्यंत सगळ्याची टंचाई. लग्न घाईत उरकलं आणि मी परंड्याला आले. पुढं भुसार मालाचं दुकान, मागं घर. घरात माणसं तीनच. मालक, सासूबाई आणि अक्का. थोरल्या सवतीला अक्का म्हणायचं, हे आईनं निघताना मला बजावून सांगितलं होतं.

अक्का मागच्या खोलीत बाजेवर बसल्या होत्या. डाव्या कानाखाली, जबड्याला चिकटून, मोठ्या लिंबाएवढी गाठ. तिच्यावरची कातडी ताणून चकाकत होती आणि त्यामुळं मान एका बाजूला कललेली. आम्ही लिंगायत, पण गळ्यातलं लिंग त्यांनी सोडून दंडाला बांधलं होतं, कारण गळ्याला दोरा सहन होत नव्हता. मी पाया पडले. त्या म्हणाल्या, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी अक्कांची बोरमाळ त्यांच्या देखतच माझ्या गळ्यात घातली. "हिच्या गळ्यात काय आता बसत न्हाय," त्या म्हणाल्या. अक्कांनी मान हलवली, तीही जमेल तेवढीच.

त्यानंतर अक्का मला घर दाखवत राहिल्या. तिखटाचं मडकं कुठं, सासूबाईंना भाकरी कशी लागते, मालकांना ताक आंबट चालत नाही. निघून जाणाऱ्या माणसानं मागं राहणाऱ्याला सांगावं, तसं सांगत होत्या. मला त्या चांगुलपणाची भीती वाटायची. आपला नवरा, आपली चूल, आपली माळ दुसरीला देऊन कुठली बाई इतकी शांत राहील? त्यांनी वाढलेलं मी आधी खात नसे. त्यांनी घास घेतला की मगच घ्यायची. त्यांच्या ते ध्यानात आलं असणार, कारण थोड्याच दिवसांनी त्या माझ्या आधी जेवायला बसू लागल्या.

श्रावणात गाठीवरची कातडी फुटली. तिथून लाली पसरली ती गालावर, कपाळावर, डोळ्यापर्यंत. तोंड सुजून ओळखू येईना. धावरे, म्हणजे कातडीवर पसरत जाणारी लाल सूज, झालं म्हणून शेजारच्या म्हातारीनं सांगितलं. असला ताप मी नंतर कधी कुणाच्या अंगात पाहिला नाही. वाकळ पांघरली तरी बाज हलायची एवढी हुडहुडी. अक्का कानडीत बडबडायच्या, कधी आपल्या आईशी, कधी माझ्याशी. परगावचे नातेवाईक येऊन बसले. सासूबाईंनी शेवटच्या विधीसाठी जंगमांना निरोप धाडला. मालकांनी दुकान उघडलं नाही. ओट्यावर बसून ते दिवसभर खाली बघत राहिले, आणि एकदा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं.

मग एका सकाळी अक्कांच्या अंगाला घाम फुटला. त्यांनी डोळे उघडून ताक मागितलं.

नातेवाईक दोन दिवस थांबून आपापल्या गावी गेले. तोंडाची सूज उतरली, कातडीचे पापुद्रे निघाले. आता पुन्हा आधीसारखं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण दसऱ्याच्या सुमाराला अक्का सरळ मानेनं पाणी पिताना मला दिसल्या. गाठ होती, पण मऊ पडली होती, लहान झाली होती. दिवाळीला त्यांनी करंज्या केल्या. त्यानंतर हाताला लागेल एवढी सुपारी राहिली, आणि मग तीही नाही.

अशा वेळी घरात आनंद व्हायला पाहिजे. आमच्या घरात सगळे एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघायला लागले.

"एवढी गाठ जाती कुठं?" सासूबाई म्हणायच्या. "पाण्यात इरघळायला ती काय मीठ हाय?"

शेजारणी येऊन विचारायच्या, सोनारीच्या भैरवनाथाला नवस बोलली होतीस का? अक्का म्हणायच्या, न्हाय. कुणाचा पाला लावलास? न्हाय. पोटात काय घेतलंस? काय न्हाय. ह्या "न्हाय"वर कुणाचाच विश्वास बसेना. कुणी म्हणे डॉक्टर चुकला. कुणी म्हणे त्यांना मूल होत नव्हतं, नवरा दुसरी करणारच होता, म्हणून बाईनं सोंग केलं. सोंगानं गाठ कशी येईल, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं.

मालकांची अवस्था सगळ्यांत अवघड. त्यांनी एका बायकोसाठी रडून घेतलं होतं, तिच्या जागी दुसरी आणली होती, आणि आता पहिली परसात कपडे आपटत होती. ते दुकानातून काहीतरी निमित्त काढून आत यायचे, अक्कांच्या गळ्याकडं चोरून बघायचे आणि परत जायचे. एकदा मी दाराआड असताना त्यांचं बोलणं ऐकलं.

"आधी सांगायचं तरी," मालक म्हणाले.

"काय सांगायचं?"

"की तू बरी हुणार हाईस."

"मलाच कुणी सांगितलं न्हवतं," अक्का म्हणाल्या.

आणि मी? मला फसवल्यासारखं वाटत होतं. ती बाई जाणार म्हणून मला आणलं होतं. ती राहणार असेल तर ह्या घरात माझं काय काम? ही बाई सगळं जाणून होती आणि आपल्याला कामाला बाई मिळावी म्हणून तिनं मला आणवलं, असंही माझ्या मनात येई. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "धाकटे, थोरलीवर ध्यान ठेव. काय खाती, कुठं जाती, बघ." मी ध्यान ठेवत होते.

एक दिवस अक्कांची वाकळ उन्हात घालताना आतून काळा दोरा पडला. त्याला एका टोकाकडं जवळजवळ गाठी मारलेल्या होत्या. मी सासूबाईंना हाक मारली. सासूबाईंनी तो हातात घेतला नाही, चुलीतल्या चिमट्यानं उचलला आणि अंगणात आणून टाकला. मालकांना दुकानातून बोलावलं.

"हे कुणाच्या नावानं बांधलंस?" सासूबाईंनी अक्कांना विचारलं.

अक्कांनी दोरा उचलला, गळ्याभोवती गुंडाळला आणि टोक धरून दाखवलं. "दर सोमवारी मोजत हुते. दोरा जिथं पुरला तिथं गाठ मारली." मग बोटानं दाखवत गेल्या. सुरुवातीच्या गाठी बाहेर बाहेर सरकत गेलेल्या, आणि नंतर आत आत आलेल्या.

"मोजत कशापायी हुतीस? तुला म्हाईत हुतं, उतरणार म्हणून?"

"उतरायसाठी न्हाय, आत्याबाई. वाढती किती ते बघत हुते. आपल्याला किती दिवस हाईत त्याचा अंदाज नको का?"

मालकांनी दोरा हातात घेऊन पाहिला. सासूबाईंनी तो त्यांच्या हातातून चिमट्यातच घेतला आणि चुलीत घातला. "मोजायचा असंना," त्या म्हणाल्या, "घरात नको."

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. आई तोवर काकांकडंच आजारी पडलेली, म्हणून बाळंतपण परंड्यातच. अक्कांनी रात्रंदिवस केलं. दूध उतरायला लागलं तेव्हा माझी डावी काख ठणकायला लागली. हात घातला तर आत गाठ. चांगली टणक, हलवली तर दुखणारी. मी कुणाला सांगितलं नाही. पण न्हाऊ घालताना सासूबाईंच्या हाताला ती लागली.

अक्का दारात डिंकाची वाटी घेऊन उभ्या होत्या. सासूबाई त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "गाठ गेली कुठं म्हणून ईचारत हुते न्हाय का सगळ्यांस्नी? ही बघ कुठं गेली."

अक्कांनी वाटी खाली ठेवली आणि निघून गेल्या.

त्या दिवसापासून त्यांना माझ्या खोलीत यायला बंदी झाली. बाळाला हात लावायचा नाही, माझ्या ताटाला नाही. बाळ रडलं की अक्का अंगणात यायच्या आणि तुळशीपाशी थांबायच्या, त्यापुढं नाही. सासूबाईंचं म्हणणं मला पूर्ण पटलं होतं. ज्या बाईनं मला बोलावून घेतलं, तिनंच तिचं मरण माझ्या अंगात घातलं. मग ती इतकी शांत का होती याचाही उलगडा झाला, असं मला वाटलं. माझ्या मुलीला कोण सांभाळणार, हा विचार करकरून माझं दूध आटायची वेळ आली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी अक्का दुकानाच्या दारात गेल्या. गिऱ्हाईक असताना त्या तिथं कधी जात नसत. मालकांना म्हणाल्या, "गाडी जुंपा. हिला बार्शीला न्यायची. त्याच डॉक्टराकडं. म्या पण येती."

"ओली बाळंतीण घराबाहेर?" सासूबाई आतून ओरडल्या.

मालक आईच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. त्या दिवशी ते सरळ बैल जुंपायला गेले.

मला मात्र वाटेतही धडकी भरलेली. ही मला कुठं नेतेय, कशासाठी नेतेय? गाडीत मी बाळाला पदराखाली घट्ट धरून बसले. अक्का दुसऱ्या टोकाला, गाडीच्या साट्याला धरून.

निजामाची हद्द संपायची तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. राज्याबाहेर धान्य न्यायला बंदी होती, आणि भुसारवाल्याची गाडी म्हटल्यावर नाक्यावरच्या जवानाचा संशय बळावला. त्यानं काठीनं पेंढा उपसला, वाकळ उलटी केली.

"माल किधर छुपाया?"

"माल नहीं साहब. औरत बीमार है. दवाखाने जा रहे."

"कौन बीमार? ये या वो?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मग अक्कांकडं पाहिलं. जवान आणखी चिडला. शेवटी अक्काच म्हणाल्या, "ये." बाळ रडायला लागलं तेव्हा त्यानं हात हलवून जा म्हणून सांगितलं.

बार्शीचे डॉक्टर उंच, थोडे पोक काढून चालणारे. त्यांनी माझी काख दाबून पाहिली, बाळ किती दिवसांचं ते विचारलं आणि हसले. "अहो, हे दूध आहे. काही बायकांना काखेतही थोडं उतरतं. तिथून वाट नसते म्हणून गाठ होते. जाईल आपोआप. बाळाला पाजत राहा."

मी रडायलाच लागले. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या.

मालक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिलापण बघा."

"ह्यांना काय होतंय?"

"काय होत न्हाय. पण तुम्हीच हिच्या गळ्याचा तुकडा कापला हुता. मुंबईला धाडला हुता."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "परंड्याची बाई. पण ती..." ते थांबले. "ह्या तिच्या बहीण का?"

"बहीण न्हाय. तीच."

त्यांनी अक्कांना उजेडात, खिडकीपाशी बसवलं. कानाखाली बोटं फिरवून काहीतरी शोधलं. त्यांच्याच सुरीचा व्रण होता तो, बारीक, पांढरा. तो सापडला तसं त्यांनी दार लावून घेतलं आणि ते खुर्चीत बसले.

"आता खरं सांगा," ते म्हणाले. "मी रागावणार नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडं गेला होता? सोलापूरला? मुंबईला?"

"न्हाय."

"विजेचे किरण लावून घेतले? हकिमाचं काही? पारा, सोमल?"

"न्हाय जी."

"बाई, माझ्याकडं येणारा माणूस दहा ठिकाणी जाऊन आलेला असतो. काहीच केलं नाही असं कुणी येत नाही."

"आमच्या घरीपण असंच ईचारतात," अक्का म्हणाल्या.

मग मी बोलले. सवतीच्या बाजूनं मी बोललेलं ते पहिलंच. धावरे झाल्याचं, त्या तापाचं, त्यानंतर गाठ मऊ पडल्याचं मी सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले. ते म्हणाले, मोठ्या तापानंतर क्वचित असं झाल्याचं त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, आणि वाचताना लिहिणाऱ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. "आताही पुरता बसत नाही," ते म्हणाले. "मुंबईला जाताना तुकड्यांची अदलाबदल झाली असेल का, असंच आधी मनात येतं. पण ती गाठ मी हातानं पाहिली होती. तुम्ही बऱ्या झालात असं मी म्हणणार नाही. गाठ गेली, एवढं म्हणतो. परत येऊ शकते. अधूनमधून दाखवत चला."

परतताना मी बाळ अक्कांच्या मांडीवर दिलं. नाका येईपर्यंत ते त्यांच्याकडंच झोपलं. मग मी बोरमाळ काढून त्यांच्यापुढं धरली. "अक्का, ही तुमची."

"राहू दे तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "गळ्यात काय असलं की हाताला नीट कळत न्हाय."

तेव्हा मला समजलं, की आमच्यात सगळ्यांत जास्त संशय त्यांना स्वतःलाच होता.

डॉक्टरांनी ही हकीकत कुणाला सांगितली की मालकांनी, कोण जाणे, पण पुढं माणसं यायला लागली. सोनारीकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. बाईच्या छातीला गाठ होती, जखम झालेली, पदराखाली फडकं दाबून धरलेलं. तो अक्कांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "माय, औषध द्या."

"औषध न्हाय, दादा. असतं तर दिलं नसतं का?"

"कुणाला सांगत न्हाय म्या. शपथ घाला."

अक्का परत परत तेच सांगत राहिल्या आणि त्याचा आवाज चढत गेला. देवानं दिलेलं दडवून ठेवता, तुमचं भलं हुणार न्हाय, असं म्हणून तो ओट्यावर जाऊन बसला. त्याची बायको मात्र आतच राहिली. तिनं अक्कांना विचारलं, "हात लावून बघू का?" अक्कांनी मान पुढं केली. ती बाई कितीतरी वेळ तो गळा चाचपत होती.

"खरंच काय केलं न्हाय तुम्ही?"

"खरंच न्हाय."

"मग मला का न्हाय असं हुत?"

अक्कांनी तिचा हात हातात धरून ठेवला. तिला जेवायला वाढलं, तिनं दोन घास खाल्ले. उन्हं कलल्यावर ते दोघं गेले. त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. काही महिन्यांनी त्या बाजूचा एक माणूस दुकानात ज्वारी घेऊन आला होता, त्याच्याकडून ती बाई वारल्याचं कळलं.

रझाकारांच्या धामधुमीत आम्ही काही महिने बार्शीत जाऊन राहिलो. डॉक्टर दर थोड्या दिवसांनी अक्कांची मान तपासायचे, काही सापडत नसे, आणि दर वेळी ते थोडे नाराज झाल्यासारखे दिसायचे. गाठ परत आली नाही. अक्का त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या, माझ्या तिन्ही मुलांच्या मोठ्या आई झाल्या, आणि म्हातारपणी दम्यानं गेल्या.

निजामाचं राज्य जाऊन आम्ही परंड्याला परतलो, त्या थंडीत सासूबाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांनी अक्कांना बोलावून घेतलं आणि मला दार ओढून घ्यायला सांगितलं. बऱ्याच वेळानं अक्का बाहेर आल्या आणि चुलीपाशी येऊन पेज ढवळायला लागल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"तेच. म्हणाल्या, आता म्या चालले, आता तरी सांग काय घेतलं हुतंस."

"मग?"

"सांगितलं. म्हटलं, सोनारीच्या भैरवनाथाचा अंगारा घेतला, गुळात घालून. कुणाला सांगायचं न्हाय अशी शपथ हुती. म्हातारी म्हणाली, मला म्हाईत हुतंच." अक्कांनी पेजेचं भांडं खाली उतरवलं. "लई बरं वाटलं तिला."

मी न राहवून हळूच विचारलं, "अक्का, खरंच घेतला होता?"

अक्का एकदम खळखळून हसल्या. आत म्हातारी झोपली असेल म्हणून त्यांनी तोंडावर पदर धरला, तरी हसू थांबेना.

"जा," त्या म्हणाल्या, "पेज नेऊन दे. निवती ती."

मी वाटी घेऊन आत गेले. सासूबाई भिंतीकडं तोंड करून शांत झोपल्या होत्या.